म्हसोबाचा उतार

"जाल्या, आज तुम्ही हरायचं."

माझा धाकटा भाऊ जालिंदर गोठ्यात गाडा उलटा टाकून बेअरिंगात तेल सोडत होता. त्याचा हात तिथंच थांबला.

"काय म्हणालीस?"

"ऐकू येत न्हाई? हरायचं म्हणाले."

"आक्का, सकाळी सकाळी भांग पिलीस का काय?"

बाहेर पाऊस धरून बसला होता. श्रावणातला पाऊस खरं तर येतो आणि जातो, पण त्या दिवशी पहाटेपासून तो हलायचं नाव घेत नव्हता. पन्हळीखालची घागर भरून वाहायला लागली होती आणि ती उचलायचं भान आम्हा दोघांनाही नव्हतं.

आमच्या आंबटेकला नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गाड्यांची शर्यत असते. असते कसली, असायची. गाडा म्हणजे काय, तर एक जाड फळी, खाली ट्रकच्या जुन्या बेअरिंगांची चार चाकं, पुढचा आडवा दांडा बोल्टवर फिरणारा आणि त्याला दोरी. इंजिन नाही, पायडल नाही. वर म्हसोबापाशी बसायचं आणि खाली ओढ्याच्या मोरीपर्यंत उतार नेईल तसं जायचं. पण त्यात बसायचा मान पोराटोरांचा नव्हे. लग्न होऊन पहिल्या पंचमीला माहेरी आलेल्या लेकींच्या नवऱ्यांचा. जावई पुढं, हातात दोरी. त्याच्या पाठीला पाठ लावल्यासारखा त्याचा मेव्हणा मागं, हातात ब्रेकचा दांडा. त्या दांड्याला टायरचा तुकडा ठोकलेला असायचा आणि तो मागच्या चाकांवर दाबायचा.

जो जावई पहिला येईल, तो त्याच दिवशी बायकोला वाजतगाजत घेऊन जाणार. बाकीच्यांनी रिकाम्या हातानं घरी जायचं. त्यांच्या बायका गौरी-गणपती होईपर्यंत माहेरीच. ही रीत सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होती, त्यामुळं भल्याभल्या सासवांची तिच्यापुढं ब्र काढायची टाप नव्हती. माझी सासू बोलायला फटकळ, "दुसऱ्या दिवशी हिला घेऊनच ये, शेतात तण माजलंय, भांगलण पडलीय," असं तिनं लेकाला चारदा बजावलं होतं. पण लेक शर्यत हरला म्हटल्यावर तीही कपाळाला हात लावून गप्प बसली असती.

त्या वर्षी चार गाडे होते. म्हणजे आम्हाला फक्त पहिलं यायचं नव्हतं. एवढं सोपं काम.

"दाजी काय बोलत्यात का तुला?" जाल्यानं तेलाची बुधली खाली ठेवली. "हात उगारत्यात? सांग, आत्ताच बघतो त्यांच्याकडं."

"अरे, ते रस्त्यानं चालताना मुंगीला बाजू देतात. ते कशाला हात उगारतील?"

"मग सासू?"

"कुणी न्हाई रे बाबा. मला राहायचंय, बस्स. कारण विचारू नकोस."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग मान खाली घालून पुटपुटला, "आता तूपण सांगायला लागलीस." 'तूपण' म्हणजे आणखी कोण, हे मी तेव्हा विचारलं नाही. माझं डोकं ठिकाणावर असतं तर विचारलं असतं.

कारण मला सांगता येत नव्हतं. आदल्या दिवशी पंचमीला मी आईच्या पायावर मेंदी काढायला बसले होते. ती "मला म्हातारीला कसली मेंदी" म्हणत होती, मी तिचा पाय ओढून मांडीवर घेतला. घोट्याजवळ बोट टेकलं आणि उचललं, तर तिथं खड्डा पडला. पडला तो पडलाच. भरून येईना. मी दुसरीकडं दाबलं, तिथंही तसंच. वर बघितलं तर आई माझ्याकडं न बघता दाराबाहेर बघत होती, आणि तिचा श्वास असा चालला होता की जणू आत्ताच घाट चढून आलीय.

"आई, हे कधीपासून?"

"झालं असंल दोन महिनं. तालुक्याला दाखवलंय मी. काळीज थकलंय म्हणाला डागतर. गोळ्या दिल्यात."

"कुणाला घेऊन गेली होतीस?"

"कुणाला कशाला? पाय हायेत की मला."

मी रडायला लागले तशी तिनं हात माझ्या तोंडावर दाबला. "गप. जाल्याला बोललीस तर माझी शपथ हाय. त्याला पुढच्या आठवड्यात भरतीला जायचंय. ह्ये कळलं तर पोरगं घरात बसंल, आन् जल्मभर बैलाची शेपटी पिळंल. तुझ्या नवऱ्यालाबी सांगायचं न्हाई. उगा आजारी सासूचं लोढणं नको त्यांच्या गळ्यात."

वडील आमच्या लहानपणीच गेले होते. आईला आम्ही दोघं आणि आम्हाला आई, बाकी गोतावळा नावाला. अशा बाईला ह्या अवस्थेत टाकून मी कशी जाऊ? शपथ मोडायची नाही आणि जायचंही नाही, ह्याला मला म्हसोबाचा उतार तेवढा दिसत होता. महिनाभर राहिले असते, जाल्या भरतीला गेल्यावर तिला मोठ्या डॉक्टरकडं नेलं असतं, निदान हांडे तरी उचलू दिले नसते. त्या वयात माणसाला वाटतं, आपण जवळ बसलो की मरण दारातनं माघारी जातं.

ओसरीवर आमचे हे नव्या वहाणा पायात घालून बघत होते. आईनं पंचमीचा मान म्हणून त्यांना करकरीत चामड्याच्या वहाणा घेतल्या होत्या. "आजच घाला, पाव्हणं," आई म्हणत होती, "गाड्यावर जावई नव्या वहाणांनी बसतो."

"पावसात खराब होतील, मामी."

"होऊ देत. त्या कशासाठी घेतल्यात मग?"

ते हसले. बोलण्यात फार कंजूष माणूस. घरात आले, माझी रिकामी पिशवी खुंटीला लटकत होती तिच्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "पिशवी?"

"भरते की," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन बाहेर पडले.

आई मोरीवर येणार नाही अशी माझी आशा होती. पण जावयाला मोरीवर ओवाळायचं ते सासूनंच. भिजू नये म्हणून तिनं ताट पदराखाली धरलं होतं आणि मी तिच्यावर छत्री. दहा पावलांवर ती थांबायची, "पाऊस बघते गं जरा" म्हणायची. मला ठाऊक होतं ती काय बघत होती.

मोरीवरनं वरचा उतार सगळा दिसत नाही. जांभळीपाशी रस्ता वळतो, तिथनं खालचा तेवढा दिसतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला भाताची खाचरं, पाण्यानं तुडुंब. गावातली निम्मी माणसं मोरीवर, निम्मी जांभळीखाली. माझ्याबरोबरीच्या बाकी तिघी लेकी नटूनथटून उभ्या होत्या आणि आपापला नवरा हरावा म्हणून हळूच म्हसोबाला हात जोडत होत्या. त्यांचं ते गोड दुखणं होतं. मीही त्यांच्यासारखीच हसत उभी राहिले.

वर भिकूअण्णांची शिट्टी वाजली. अण्णा गावचे सगळ्यात म्हातारे, शर्यत सोडायचा मान त्यांचा. मग तो आवाज आला, लोखंड डांबरावरनं घासत यायचा खर्रर्र आवाज, जो ऐकल्यावर दात आंबतात.

"आले! आले!"

पहिला गाडा वळणावर दिसला तो वळलाच नाही. कोरड्या रस्त्यावर बेअरिंग धरतं, ओल्यावर काय धरणार? जावईबापू दोरी ओढत राहिले आणि गाडा सरळ खाचरात. पाणी जांभळीच्या फांदीपर्यंत उडालं. माणसं हसून खाली बसायच्या आत दुसरा आला, तो गर्रकन फिरला आणि रस्त्यात आडवा झाला. त्याच्यावर तिसरा. दोन जावई, दोन मेव्हणे आणि आठ चाकं एकमेकांत गुंतून चिखलात गेली. चौघं उठून उभे राहिले ते डोळे तेवढे दिसत होते. एकाची बायको "आगं बाई, नवा सदरा!" म्हणून ओरडली, तेव्हा तर आईसुद्धा हसायला लागली.

मी मात्र हसायची थांबले. मोजायला शाळा लागत नाही. तीन गाडे खाचरात, चौथा राहिला तो आमचा.

मग वळणावरनं आमचा गाडा आला. कसा आला म्हणता? वरातीतला घोडा येतो तसा. हळूहळू, डुलत, रस्त्याच्या अगदी मधोमध. आमचे हे खोळ पांघरून दोरी धरून बसलेले, मागं जाल्या ब्रेकच्या दांड्यावर सगळा भार टाकून. हरायचं म्हणून जाल्यानं वरपासनं ब्रेक धरला होता आणि त्या दिवशी त्या उतारावर तगून राहायला नेमकं तेवढंच लागत होतं.

"उचला रे! गाडा उचला की!" मी खाचरातल्यांना ओरडले. "उठा, अजून वेळ हाय!"

सगळी मोरी हसली. "मालन, अगं तुझा नवरा मागनं येतोय!" कुणीतरी ओरडलं. कुणाला काय कळणार? त्या चिखलातल्यांपैकी एका जोडीनं खरंच गाडा रस्त्यावर आणला. माझा जीव भांड्यात पडला. ते बसले, दोन हात गाडा पुढं आला आणि त्याचं पुढचं बेअरिंग निखळून गडगडत ओढ्यात गेलं.

आमचा गाडा जवळ आला. जाल्याच्या मानेच्या शिरा तटतटून आलेल्या दिसत होत्या. चुन्याच्या रेषेच्या थोडा अलीकडं गाडा जवळजवळ थांबला. थांबला होता, देवाशपथ. पाच-सहा हात राहिले असतील. मी आईचा दंड इतका दाबला की ती "आगं, दुखतंय" म्हणाली. पण मोरीपाशी उतार असा खडा आहे की भरली बैलगाडीसुद्धा तिथं थोपत नाही. गाडा परत सुटला. घसरत, कुरकुरत, आला आणि रेषेवरनं गेला.

ढोलकं वाजायला लागली. पोरांनी ह्यांना खांद्यावर घेतलं. ह्यांचं तोंड असं झालं होतं की कुणी लग्नात जेवायला बोलावून उपाशी ठेवलंय. लोकांना वाटलं, लाजतायत.

आईनं ओवाळलं. दिवा पावसानं केव्हाच विझला होता, ती तशीच ताट फिरवत राहिली. मग गाड्याला कुंकू लावायला वाकली. किती कष्टानं वाकली ते माझं मलाच ठाऊक. चाकांना लावलं, फळीला लावलं, आणि ब्रेकच्या टायरला बोट टेकलं तसा तिनं हात झटक्यात मागं घेतला आणि पदरात धरला. एक क्षण तशीच वाकून राहिली. मग उभी राहून तिनं जाल्याच्या चिखलानं भरलेल्या गालावरनं हात फिरवला.

"शहाणं माझं लेकरू," ती म्हणाली. जाल्यानं मान वर केली नाही.

घरी आल्यावर माझी पिशवी तिनंच भरली. मी कोपऱ्यात उभी. खणाची चोळी, शेंगदाण्याचे लाडू, घुगऱ्यांचं मडकं, सगळं कसं हसत हसत भरत होती. "पहिल्या पंचमीला जिंकून न्हेली माझी लेक. सासू काय बोलंल का आता?"

"आई, मी..."

"आवर. गाडी चुकंल."

दुपारच्या गाडीला ती स्टँडपर्यंत आली नाही. "जिना, चढ, मला कटाळा येतो," म्हणाली. आमच्या घरापासनं स्टँडला एकही जिना नाही. दारातच माझ्या डोक्यावरनं हात फिरवून तिनं कानशिलावर बोटं मोडली. मी वाकून पाया पडले तेव्हा कालच्या मेंदीखाली तिचे पाय टम्म सुजलेले होते.

 घाट सुरू झाला, काचेवरनं पाणी निथळत होतं. ह्यांनी वहाणा काढून सीटखाली सारल्या आणि त्यातली एक उलटी पडली. मी सरळ करायला उचलली. उजव्या पायाची होती. टाच घासून घासून इतकी गेली होती की माझं बोट आरपार निघालं. सकाळी करकरीत होती ती वहाण.

"हे काय?"

त्यांनी वहाण माझ्या हातातनं घेतली आणि परत खाली ठेवली.

"तुम्ही पाय घासत आलात? वरपासनं?"

"खोळीखाली दिसत नव्हतं कुणाला," ते म्हणाले.

"पण का?"

"तू पिशवी भरली न्हवतीस."

मला हुंदका आवरेना. पुढच्या बाकावरची बाई मागं वळून बघायला लागली. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "उतरू या का? घाटात थांबवील तो गाडी."

 जावई हरून एकटा गेला असता तर रीत होती. जिंकून बायको परत दारात सोडून गेला, तर आंबटेकमध्ये त्याला एकच नाव होतं, टाकली. आईनं ते ऐकलं असतं. ज्या दारातनं तिनं मला मिरवत काढली, त्याच दारात तिला खाली मान घालून उभं राहावं लागलं असतं.

"नको," मी म्हणाले. ते शपथेचं मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही.

गणपती यायच्या आधीच निरोप आला. जाल्या भरतीच्या मैदानावर होता, मी सासरी भांगलणीत. आईला पाणी पाजलं ते शेजारच्या काशीकाकूनं. आम्ही दोघंही पोचलो ते सगळं आवरल्यावर.

जाल्या फौजेत गेला, हवालदार होऊन परत आला. उताराला आता काँक्रीट झालंय, मधे गतिरोधक बसलेत, शर्यत बंद पडली. ह्या पंचमीला मी माहेरी गेले तर पडवीच्या माळ्यावरनं तो गाडा काढून जाल्या धूळ पुसत बसला होता. नातवाला दाखवायचा होता त्याला. माझ्याकडं बघून एकाएकी म्हणाला, "आक्का, तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी तुझ्या आधी आईनं मला गोठ्यात गाठलं होतं. म्हणाली, जाल्या, काय वाट्टंल ते कर, पण जिंक. मालनला आज गेलं पायजे."

मी त्याच्यासमोर बसले.

"मला काय कळंना. तू म्हणतीस हर, ती म्हणती जिंक. मी तुझं ऐकलं. आईचं न्हाई ऐकलं." त्याचा आवाज चिरकला. एवढा मिशीवाला, बंदुका चालवलेला माणूस. "आन् भरतीला निघालो तर मला जवळ घेऊन काय म्हणाली म्हाईतेय? म्हणाली, माझा शबूद राखलास, आता माझ्या जिवाला घोर न्हाई. मी खाली मान घालून ऐकून घेतलं गं. सांगायचं धाडस झालं न्हाई. खोटा आशीर्वाद घेऊन गेलो मी."

मी गाडा माझ्याकडं ओढला. ब्रेकचा तो टायरचा तुकडा अजून तसाच होता, झिजून झिजून मधोमध लाकूड उघडं पडलेलं. त्या दिवशी ते पाणी, तो पाऊस, आणि तरी त्याच्यातनं वाफ निघत होती.

"जाल्या," मी म्हणाले, "आईनं कुंकू लावताना ह्याला हात लावला होता. पोळला होता तिला."

तो माझ्याकडं बघत राहिला.

"तू ब्रेक धरला होतास ते तिला ठाऊक होतं रे. मोरीवरच कळलं होतं तिला."

त्यानं हात पुढं केला आणि त्या तुकड्यावर बोट ठेवलं. आतनं सूनबाईनं चहा झाल्याची हाक मारली, पण आम्ही दोघंही उठलो नाही.